शिरीष मागं राहिला

त्या रविवारी शिरीषनं मला सगळ्यांच्या पुढं उभं केलं. म्हणाला, "अक्का, तू हळू चालतेस, तर तूच पुढं. म्हणजे कुणाला धाप लागायची नाही."

मी म्हटलं, "अरे, मला वाट कुठं माहितीय?"

"चिखलावर वाटभर फळ्या टाकल्यात. फळ्या सोडू नको. म्हैससुद्धा पोचेल." सगळे हसले.

शिरीष माझा धाकटा भाऊ. आई लवकर गेली, मीच वाढवला त्याला, माझी शाळा चौथीतच सुटली. तो शिकला, हॉलंडला आला, कम्प्युटरचं काम. उइटहॉर्न म्हणून गाव आहे, तिथं घर केलं. मी व्हिसावर त्याच्याकडं आलेली. सुट्टीला आपली मराठी माणसं घेऊन तो वर ड्रेंथच्या जंगलात जायचा. तिथली नदी आपल्या पाटाएवढी, नाव नुसतं आ. आपली माणसं बडबडी, त्यात डबे उघडायची घाई. म्हणून त्याचा नियम, झाडी लागली की पुलापर्यंत बोलायचं नाही, मागं बघायचं नाही. तो स्वतः सगळ्यात मागं. म्हणायचा, पुढच्याला पक्षी दिसतात, मागच्याला माणसं दिसतात. "पुणेकरांना गप्प बसवतो मी, सत्कार करा माझा."

मी चालले फळ्या बघत. पूल आला. एकेक करत सगळे आले, शिरीष येईना. आमच्यातला अभिजित म्हणाला, "दादा फोटो काढत असेल." मग बघायला गेला आणि तिथूनच ओरडला. आम्ही पळालो. वळणावर एक डच म्हातारा शिरीषची छाती दाबत होता. अॅम्ब्युलन्स आली, पण काय उपयोग झाला नाही.

नंतर सगळं केलं, दहन इथंच केलं. पण मला एकच लागून राहिलं, त्याच्या तोंडात शेवटचं पाणी पडलं नाही. लहानपणी रात्री उठून पाणी मागायचा, मीच द्यायची. त्याची बायको मृदुला म्हणाली, "अक्का, डॉक्टर म्हणाले काही कळलंच नसेल त्याला."

मी म्हटलं, "असं सगळ्यांनाच सांगतात. कोरडा गेला गं तो." मला घास उतरेना.

मग तो म्हातारा घरी आला. हेंक नाव. अभिजितकडनं नंबर घेऊन, आधी फोन करून, वेळ ठरवून आला, इथं तसंच असतं. चहा दिला तर कप नुसता हातात धरून बसला. त्यांच्या भाषेत बोलायला लागला आणि मृदुलाचा चेहराच बदलला.

"काय म्हणतायत गं?"

"म्हणतायत, मी बाजूच्या वाटेनं आलो तेव्हा तो झाडाला टेकून बसला होता. शुद्धीत होता. पाणी मागितलं. मी माझी बाटली त्याच्या तोंडाला लावली. दोन घोट प्याला, मग मान टाकली." तिनं त्याचं पुढचं ऐकून घेतलं. "त्यांची मुलगी नर्स आहे. ती म्हणाली, अशा वेळी पाणी द्यायचं नसतं. तेव्हापासून त्यांना झोप नाही. विचारतायत, माझ्यामुळं गेला का?"

मी उठले आणि त्याच्या पायावर डोकं ठेवलं.

तो दचकून उभाच राहिला, चहा सगळा पँटवर. मृदुला रडत रडत त्याला सांगायला लागली, आमच्यात पाणी म्हणजे काय ते. तिला शब्द सापडेनात. तो कधी तिच्याकडं बघायचा, कधी माझ्याकडं. मग खाली बसला, तोंडावर हात घेऊन.

मी फडकं आणून दिलं. दुसरा चहा टाकला. तो मात्र सगळा प्याला.