खेचरांची नाल

मध्य भारतातल्या आमच्या जुन्या मराठा संस्थानी शहरात खासगी बाजार नावाची पेठ आहे. तिथलं ते कचोरीचं दुकान बंद होऊन बरेच दिवस झाले, तरी रविवारी सकाळी तिथे माझे पाय अजून रेंगाळतात. तिथल्या बाकावर मी आणि माझा प्राध्यापक मित्र वाद घालत बसायचो. एकदा विषय निघाला दक्षिण अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा. तो म्हणे, श्रेय उत्तरेकडून आलेल्या सेनापतीचं. मी म्हणे, दक्षिणेकडून अँडीज पर्वत ओलांडून आलेल्याचं.

बाकाच्या टोकाला एक म्हातारा दर रविवारी बसायचा. डोळे मिटून, कचोरी चटणीत बुडवून सावकाश खायचा आणि न बोलता उठून जायचा. त्या दिवशी मात्र त्याने बोटं रुमालाला पुसली आणि मला विचारलं, "भाऊसाहेब, फौज पहाडावर चढली कशी?"

"खेचरांवरून," मी म्हणालो.

"मग खेचरांना नाल कोणी ठोकली, ते लिहिलंय काय? नाल निघाली की जनावर लंगडतं, मग सेनापती पण तिथेच थांबतो. आमचे पणजोबा इथल्या फौजेत नालबंद होते, म्हणून विचारलं."

महाराष्ट्रातून इथे आलेल्या मराठी घरांत ज्याचा त्याचा पूर्वज सरदार असतो. माझाही सरदारच होता, असं मीही सांगायचो. नालबंदाचा पणतू मला तो एकच भेटला.

हल्ली कोणी घराण्याबद्दल विचारलं, तर मी सांगतो, आम्ही फौजेबरोबर आलो. कुठल्या कामावर, ते आमच्या घरात कुणालाच ठाऊक नाही.