उंटावरचा चष्मेवाला

चष्मेवाल्याची मोटरसायकल इतकी उंच होती की गल्लीने तिचं नाव 'उंट' ठेवलं आणि त्याचं 'उंटावरचा शहाणा'. डांबरावर पळेल आणि दगडमातीतही चढेल अशी ती दुहेरी कामाची गाडी. हा मात्र बेताच्या उंचीचा. सिग्नलला थांबायचं म्हणजे फुटपाथची कड शोधायची, नाहीतर सीटवरून एका बाजूला घसरून कसाबसा एक पाय टेकवायचा. पन्नाशी उलटल्यावर हे खूळ कशाला, असं कुणी विचारलं की तो म्हणे, "डांबर सगळ्यांनाच नेतं हो. ते संपल्यावर पुढे काय असतं, ते बघायचंय."

बघायचंय! हीच त्याची खोड. दिवसभर दुकानात लोकांच्या डोळ्यांत डोकावायचं आणि सुट्टीला जगात. पण कच्च्या वाटेवर गाडी चालवायचा पहिला धडा असा, की नजर जाईल तिकडे गाडी जाते. दगड चुकवायचा तर दगडाकडे बघायचं नाही, पलीकडच्या मोकळ्या जागेकडे बघायचं. लोकांची नजर तपासणाऱ्याला हे कळत होतं, पण वळत नव्हतं. एकदा भलंमोठं वारूळ बघत बघत तो थेट वारुळातच शिरला. पुढच्या खेपेला ओढ्यात कुणाचा तरी एकच बूट पडलेला दिसला. दुसरा कुठे असेल, या विचारात गाडी आडवी आणि हा बुटाशेजारी.

त्याची बायको बालवाडीत शिकवायची. तिच्या वर्गात दोनदा माफी, तिसऱ्यांदा खेळणं जप्त. त्याच्या मनगटाला पट्टी बांधता बांधता तिने तोच नियम घरी लावला.

"हे दुसरं. तिसऱ्यांदा पडलात की गाडी विकायची. कबूल?"

"कबूल," तो म्हणाला.

उन्हं कलली की गच्चीवरून समोरच्या डोंगराच्या माथ्यावर काहीतरी लखकन चमकायचं. तो म्हणे काच, ती म्हणे पत्रा.

"पत्रा असा चमकत नाही गं. काचेतलं कळतं मला."

"तेवढंच कळतं!"

वाद काही मिटेना. शेवटी एका सुट्टीच्या दिवशी तिनेच हेल्मेट चढवलं आणि मागे बसली.

डांबर संपलं तिथे उतरून त्याने दोन्ही टायरमधली थोडी हवा सोडली, म्हणजे मातीत पकड येते. पुढे सुट्या दगडांची चढण.

"अहो, डावीकडे बघा, केवढं घरटं!"

तो बघेना.

"अहो, ते गाढव उभ्या उभ्या झोपलंय!"

गाढवासाठी तर त्याचा जीव तुटला. पण नजर वळली की गाडी वळणार, आणि गाडी वळली की कायमची जाणार.

"तूच बघ आणि मला सांग!" तो ओरडला. मग ती सांगत राहिली, हा समोर बघत चालवत राहिला, आणि उंट बिनबोभाट माथ्यावर पोचला.

ती उतरली. समोर शेळ्यांचा गोठा होता. छप्पर गंजक्या पत्र्याचं, त्यात चमकण्यासारखं काहीच नव्हतं. पण एका भिंतीच्या जागी मोडीत काढलेल्या बसची समोरची काच उभी केली होती. "काच! काचच आहे!" करत हा स्टँड लावून पळाला. स्टँड भुसभुशीत मातीत रुतू नये म्हणून त्याखाली ठेवायला बिस्किटाच्या डब्याचं झाकण त्याने हँडलला दोरीने बांधून ठेवलं होतं. ते तिथेच लोंबकळत राहिलं.

मागे धप्पकन आवाज झाला.

तो परत आला तेव्हा उंट कुशीवर पडला होता. काचेचा सगळा आनंद ओसरला.

"तिसरं," तो आपणहून म्हणाला. त्याला रडू येईल की काय असं वाटत होतं.

ती गाडीभोवती एक फेरी मारून आली.

"तुम्ही पडलात?"

"नाही, पण गाडी..."

"मी पडले?"

"नाही."

"मग मोजताय काय? तिकडून हँडल धरा."

तिने बाह्या सरसावल्या. दोघांनी मिळून उंट उभा केला. तिनेच दोरी सोडून झाकण स्टँडखाली सरकवलं, पायाने दाबून बघितलं. मग हातांची माती झटकत ती गोठ्यामागे गेली. तिथून एक वाट डोंगराच्या पलीकडे उतरत होती.

"अहो," तिने हाक मारली, "ही कुठे जाते?"