सील नवं, तरी तेल गळत होतं

हे लिहावं की नाही, असं बरेच दिवस मनात होतं. मला लिहिण्याची सवय नाही, आणि ज्याला अनुभव म्हणतात तो हाच का, हेही मी खात्रीने सांगू शकत नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. बेंगळुरूला इंजिनिअरिंगला आलो आणि हॉस्टेलमधल्या मुलांच्या नादाने म्हणा, किंवा हात जोडताना कुणी बघेल या संकोचाने म्हणा, माझं देवाचं करणं हळूहळू सुटलं. भांडून सुटलं असतं तर निदान कारण तरी सांगता आलं असतं. तसं काही झालं नाही.

गेल्या नवरात्रात आईचं पोटाचं ऑपरेशन इथल्या एका हॉस्पिटलात ठरलं. खानापूरच्या जंगलपट्ट्यात आमचं गाव आहे. तिथे वडिलांची, म्हणजे अप्पांची, जुनी जीप आहे, चारही चाकांना जोर देणारी, कारण पावसाळ्यात त्याशिवाय आमची चढण चढत नाही. त्याच जीपमधून ते आईला घेऊन आले. घरी घट बसले होते, त्यांच्याकडे काकू बघत होती. पण आई देवीला बोलली होती, "नीट बरी झाले तर दसऱ्याला घट मीच उठवीन." मला तिने एवढंच सांगितलं होतं, "तुझ्या खोलीत रोज एक उदबत्ती लाव. बाकी काही नको." मी हो म्हणालो. तिने रोज विचारलं की "लावली" म्हणायचो. एकदाही लावली नव्हती.

ऑपरेशन चांगलं झालं. सप्तमीला तिला हॉस्पिटलातून सोडलं आणि आम्ही यशवंतपूरजवळच्या एका साध्या लॉजमध्ये उतरलो. नवमीला पहाटे निघायचं, संध्याकाळपर्यंत गावी, दुसऱ्या दिवशी दसरा. टाके ओले होते, बसमध्ये बसून जाणं तिला जमण्यासारखं नव्हतं. जीपच्या मागच्या बाकावर गादी टाकली की ती आडवी होऊन येणार होती. अष्टमीला सकाळी लॉजच्या अंगणात जीपखाली तेलाचं थारोळं दिसलं. पुढच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट गिअरच्या पेटीतून जिथे बाहेर पडतो, तिथलं ऑइल सील, म्हणजे तेल अडवणारी रबरी कडी, गेलं होतं. अप्पा मेकॅनिक बघायला निघाले. मीच म्हणालो, "कशाला? मी बदलतो." अप्पा लॉजच्या मॅनेजरला म्हणाले, "आमचा पोरगा इंजिनिअर हाय." मी तिसऱ्या वर्षाला होतो आणि त्याआधी ऑइल सील फक्त वहीत काढलं होतं.

दिवसभर मी जीपखाली होतो. शाफ्ट सोडवला, त्यामागची चकती ओढून काढली, पापडासारखं कडक झालेलं जुनं सील उचकटलं. जागा पुसून घेतली. दुकानातून आणलेल्या नव्या सीलच्या ओठाला, म्हणजे आतल्या कडेला, ग्रीस लावलं आणि लाकडाचा ठोकळा ठेवून चहूबाजूंनी हळूहळू ठोकून ते बसवलं. अप्पा शेजारी उकिडवे बसून पाने हातात देत होते, मी काय करतो ते शिकवणीला बसल्यासारखं बघत होते. मग नवं तेल भरलं, रेल्वे स्टेशनपर्यंत एक फेरी मारून आलो. नवमीला पहाटे बॅटरी घेऊन वाकलो, तर खाली पुन्हा तेल. जुनं गळत होतं तेव्हा एवढं वाईट वाटलं नव्हतं. अप्पांनीही वाकून बघितलं. खोलीत येऊन आईला म्हणाले, "जरा उशिरा निघू या. गाडी अजून गार हाय." आईने तोवर अप्पांच्या पान्यांना हळदकुंकू लावून त्यांच्यावर झेंडू ठेवला होता. खंडेनवमी होती.

त्या दिवशी बेंगळुरूत हत्याराला कुणी हात लावत नाही, हे मला ठाऊक होतं, पण त्याची अडचण कधी झाली नव्हती. आईला जीपमध्ये निजवून आम्ही गॅरेजं धुंडाळली. सगळीकडे केळीचे खुंट, हार, रस्त्यावर फुटलेले कुंकवाचे कोहळे. लोक हसून प्रसाद देत आणि उद्या या म्हणत. चौथ्या की पाचव्या गॅरेजात पांढरी लुंगी नेसलेले, कपाळभर कुंकू लावलेले एक अण्णा होते. देवीच्या फोटोपुढे त्यांचे सगळे पाने आकाराप्रमाणे ओळीने मांडलेले, प्रत्येकावर एकेक फूल. त्यांनीही हात जोडले. "आज नहीं होगा सर. औजार देवी के पास है."

अप्पा माझ्याकडे वळून हलकेच म्हणाले, "चल. आईला सांगून टाकू." त्यांचा तो हरलेला आवाज मी कधी ऐकला नव्हता. तेवढ्यात फोटोमागच्या दारातून एक म्हातारी डोकावली.

"मराठी काय तुम्ही? अय्यो, मग बाहेर का उभं राहिलात? या की, स्वल्प बसा."

त्या अण्णांच्या आई. गल्लीत सगळे त्यांना अक्का म्हणत. त्यांचं घराणं कित्येक पिढ्यांपासून इथलंच, तरी घरात मराठी. त्यांनी जीपमध्ये डोकावून आईची चौकशी केली, तिच्या कपाळाला कुंकू लावलं, आमच्या ओंजळीत चुरमुरे-डाळ्यांचा प्रसाद घातला आणि मुलाला म्हणाल्या, "हत्याराला हात लावू नको सांगितलंय रे. डोळ्यानं बघायला कोण नको म्हणालं?"

अण्णा लुंगी गुडघ्यावर घेऊन जीपखाली गेले. खालूनच विचारलं, "सील किसने डाला?"

"मैंने," अप्पा म्हणाले.

चूक माझी, आणि ती त्यांनी अशी उचलली, जशी लहानपणी माझी दप्तराची पिशवी उचलायचे. मी म्हणालो, "नहीं अण्णा, मैंने डाला."

"अच्छा डाला है," आतून आवाज आला. "एकदम सीधा. सील की गलती नहीं है." मग त्यांनी आपल्या आईकडे उदबत्ती मागितली. अक्कांनी देवीपुढची एक विझवून दिली. गिअरच्या पेटीवर हवा बाहेर जाण्यासाठी एक छोटं बोंडासारखं झाकण असतं. गाडी तापली की आतली हवा फुगते, ती तिथून जाते. अण्णांनी मला खाली बोलावून ते दाखवलं. त्याचं भोक काळ्या रंगाने बुजलेलं होतं. हवेला वाट नव्हती, म्हणून ती तेलाला सीलमधून ढकलत होती. उदबत्तीची काडी त्यांनी माझ्याच हातात दिली. मी ती भोकात घालून फिरवली, रंगाचा पापुद्रा फुटला आणि फुस्स करून हवा सुटली. अगदी कुणीतरी उसासा टाकावा तशी.

बाहेर आलो तर अप्पा मान खाली घालून उभे. "येताना मीच रंग मारला खालनं," ते म्हणाले. "म्हटलं, पोराच्या कॉलेजाकडं न्यायची गाडी. गंजकी कशी न्यायची?"

अक्का खळखळून हसल्या. "बापानं तोंड बंद केलं, पोरानं उघडलं. सरी झालं, बरोबर झालं!"

अण्णांनी तेलाचा अंदाज घेतला. पेलाभर गेलं होतं, तेवढ्याने काही बिघडणार नव्हतं. एक फेरी मारायला लावून त्यांनी जीपखाली पुठ्ठा पसरला. आम्ही सगळे अक्कांनी दिलेलं चित्रान्न, म्हणजे फोडणीचा लिंबूभात, खात त्या पुठ्ठ्याकडे बघत बसलो. अर्धा तास झाला. पुठ्ठा कोरडाच. पैसे त्यांनी घेतले नाहीत, काम केलंच नाही म्हणाले. खरंच एकही पाना जागचा हलला नव्हता. फुलंसुद्धा तशीच होती.

दावणगेरेच्या पुढे चहाला थांबलो. अप्पा पुन्हा खाली वाकून बघत होते. मी आईच्या पायाशी बसलो आणि सांगून टाकलं, की उदबत्ती मी एक दिवसही लावली नाही, रोज खोटं बोललो. आई डोळे मिटून पडली होती. मला वाटलं, झोपली.

"ठाऊक होतं मला," ती म्हणाली. "लावली म्हणताना तू घाई करायचास." मग टाक्यांवर हात दाबून हसू आवरत म्हणाली, "आज लावलीस की. नऊ दिवसांची एकदम. ती पण जीपच्या पोटात!"

दुसऱ्या दिवशी तिला वाकता येईना. तिने घटाला नुसता हात लावला आणि मी तो उचलला. काकू म्हणाली, वहिनींनीच उठवला, आणि ते खरंच होतं. घटातलं कोवळं धान अप्पांच्या टोपीत खोवलं, थोडं जीपच्या आरशाला.

त्या गॅरेजपाशी आमचं थांबणं हा योगायोग असेल. मी त्यावर कुणाशी वाद घालणार नाही. मला एवढंच कळलं की मी अंगातला सगळा जोर सील घट्ट बसवण्यात घातला होता, आणि लागत होती ती हवा जाण्यापुरती वाट. ती दाखवायला कुणीतरी आलं. अण्णा, अक्का, आणि त्यांच्या फोटोतली देवी, या तिघांचाही मी ऋणी आहे. ती काडी माझ्या कंपासपेटीत आहे. हॉस्टेलच्या खिडकीत मी आता रोज एक उदबत्ती लावतो. कुणी बघितलं तर बघू दे.