अण्णांच्या कॉम्प्युटरला नवी रॅम बसवली

आज सकाळी उस्मानपुऱ्यातल्या मेकॅनिकनं घरी येऊन आमच्या जुन्या कॉम्प्युटरला नवी रॅम आणि एसएसडी बसवली.

घशाच्या ऑपरेशनमध्ये माझ्या वडिलांचा, अण्णांचा आवाज गेला. ते टाइप करतात आणि कॉम्प्युटर वाचून दाखवतो. पण तो इतका अडकायचा, की त्यांचं वाक्य ऐकू येईपर्यंत आम्ही उठून गेलेलो असायचो.

निघताना मेकॅनिकनं विचारलं, "काका, तब्येत कशीये?"

सवयीनं मीच म्हणालो, "बरीये की."

लगेच कॉम्प्युटर बोलला, "त्यानं मला विचारलं. गिळताना लई दुखतं अजून."

वर्षभर मी सगळ्यांना 'अण्णा बरे आहेत' असंच सांगत आलो.

उद्या त्यांना डॉक्टरकडं नेतोय. त्यांना लिहून सांगायला सोबत वही घेऊ. मी गप्प बसणार आहे.

तुमच्या घरात असं कुणाचं उत्तर तुम्हीच देऊन टाकता का?