एकट्या हिश्श्याचा पंचनामा

लग्न होऊन बालाघाटकडे येईपर्यंत सिंगाडा मला फक्त उपासाच्या पिठात भेटला होता. तो पाण्यात वेलाला लागतो, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. माझं माहेर गोदावरीकाठचं. आम्ही भोई, म्हणजे पाण्यातलीच माणसं, पण आमच्याकडे जाळं आणि मासे, बस्स. शाळा चौथीत सुटली आणि पुढे तीन वेळा गाड्या बदलून मी या मुलखात येऊन पडले. इथे अर्धा गाव हिंदी बोलायचा आणि उरलेला अर्धा ज्या मराठीत बोलायचा, ती मला पहिले काही महिने निम्मीच कळायची. मी 'मला' म्हटलं की बायका हसायच्या. "मला नाही वं, मले म्हण," असं म्हणून माझ्या हातावर गरम सिंगाडे ठेवायच्या. हसल्या तरी खायला घालायच्या, हे मी विसरले नाही.

सासरी सासू-सासरे नव्हते. नवरा होता, एक खोली होती आणि गावाच्या तळ्यात सिंगाड्याचा एक हिस्सा होता. तळं सगळ्या सिंगाडेवाल्यांनी मिळून ठेक्यानं घेतलेलं असायचं. मुखिया आखाडात पाण्यात बांबू रोवून हिस्से पाडून द्यायचा. कुंपण नाही, कागद नाही. बांबूच्या अलीकडचं तुझं, पलीकडचं त्याचं.

ज्यांच्याकडे स्वतःचा डोंगा होता, त्यांचं ठीक चालायचं. झाडाचं खोड कोरून केलेली ती लांब होडी. तिच्यात बसून माणूस सगळ्या हिश्श्यावर फिरायचा, वेल उचलून खालची फळं तोडायचा, वेल पुन्हा पाण्यावर ठेवायचा. आमच्याकडे डोंगा नव्हता. आम्ही दोन घागरी बांबूला बांधून त्यावर बसायचो, कमरेपासून खाली पाण्यात. असं काम हळू होतं, आणि हळू काम करून दोघांचं भागत नाही. म्हणून दसरा झाला की नवरा बैहरकडच्या जंगलात लाकूडतोडीला जायचा, तो शिमग्याला परत.

त्या वर्षी जाताना तो म्हणाला, "यंदा वेल चांगला आहे. सिंगाडा विकून डोंगा घेऊ. डोंगा आला का मंग मी कायले जातो जंगलात?"

"खरंच ना?" मी विचारलं.

"हौ ना वं. तुह्या डोक्यावर बसतो घरी."

तेवढ्या एका वाक्यावर मी दिवस काढत होते. मला घरी माणूस हवा होता. संध्याकाळी चुलीशी बसून ज्याच्याशी बोलता येईल असा माणूस. दुसरं काही मागणं नव्हतं.

कोजागिरी होऊन गेली होती. पहिली तोडणी दोन-चार दिवसांवर आली होती. सकाळी मी तळ्यावर गेले तर कंदील सांडल्यासारखा वास. पाण्यावर रंग फिरत होते, मोरपिसाचे असतात तसे, आणि त्याखाली काळा चिकट थर. सिंगाड्याची पानं, जी रोज सकाळी धुतल्यासारखी चमकायची, ती डांबर फासल्यासारखी खाली बसली होती. काठाला मासळ्या तोंड उघडून पडल्या होत्या.

वरच्या सडकेच्या वळणावर तेलाची टाकीगाडी आडवी झाली होती. खाणीच्या इंजिनांसाठी काळं तेल नेणाऱ्या कुठल्याशा ठेकेदाराची गाडी. ते सगळं तेल नाल्यानं उतरून आमच्या तळ्यात आलं होतं. ड्रायव्हर डोक्याला गमछा गुंडाळून पुलाच्या कठड्यावर बसला होता. कोणीतरी त्याला चहा दिला होता. त्याच्यावर कोणी ओरडलं नाही. तो एकटाच म्हणत होता, "बैल आ गया सामने, क्या करता मैं."

मुखिया त्याच दिवशी तहसिलीत जाऊन अर्ज देऊन आला. भरपाई मिळेल, साहेब येऊन पाहतील, पंचनामा होईल, मग ठेकेदाराला पैसे भरावे लागतील. मुखियानं हे सांगितलं तेव्हा मला रडूच आलं. इतक्या लांब, ज्यांना आपलं तोंड माहीत नाही अशी माणसं आपल्यासाठी जीपनं येणार, याचंच मला केवढं वाटलं! मी मनातल्या मनात त्या साहेबाला हात जोडले.

पण साहेब यायला दिवस लागले, आणि तळ्याचा आपला एक कायदा होता. वेलाला कीड लागली की तो दुखणाईत वेल पाण्यात ठेवायचा नाही. दिसला की उपटायचा, काठाबाहेर नेऊन खड्ड्यात मातीखाली घालायचा. कारण एकाची कीड शेजारच्या हिश्श्यात जाते, आणि तुझ्या आळसानं शेजाऱ्याचं पीक बुडालं तर त्याला तोंड कसं दाखवशील? मुलं चालायला लागायच्या आधी हे शिकत असतील. तेल म्हणजे कीड नव्हे, पण काळे पडलेले वेल पाहून गावकऱ्यांचे हात थांबेनात. भाताचा पेंढा पाण्यावर पसरून त्यांनी तेल टिपून घेतलं, डोंगे भरभरून वेल उपटले, बांधामागे पुरले. साहेब येणार म्हणून तर आणखीच घाई. पाहुण्याला असं तळं दाखवायचं?

मीही लागले होते. पण घागरीवर बसून किती उपटणार? तेलानं हात घसरायचे, मांड्यांना फोड आले. एकेक वेल ओढत काठाला आणायचा, परत जायचं. शेजारच्या हिश्श्यातली म्हातारी, जिला सगळे मोठीमाय म्हणायचे, ती डोंग्यातून ओरडायची, "बहू, लवकर काढ ना वं! तुह्यावालं तेल माह्या पाण्यात येऊन राह्यलं."

"मोठीमाय, डोंगा द्याल का थोडा वेळ?"

"आमचंच होऊन नाही राह्यलं. उद्या देतो."

उद्या झाला, त्याचा परवा झाला. राग कशाचा धरायचा? सगळ्यांनाच घाई होती. पण सगळ्या तळ्यात माझाच कोपरा काळा राहिला होता. पाणवठ्यावर गेले की मला वाटायचं, सगळे तिकडेच पाहतात. माणूस घरी असता तर ही वेळ आली नसती, असं म्हणत मी उपटत होते.

साहेब आले त्या सकाळी बायकांनी घाट शेणानं सारवला. जीपमधून साहेब उतरले, पटवारी उतरला, आणि ठेकेदाराचा एक माणूस, पांढरे कपडे, तोंडात पान. समोर तळं असं नितळ की त्यात ढग दिसत होते. साहेबांनी या काठापासून त्या काठापर्यंत नजर फिरवली.

"नुकसान कहाँ है?"

मुखियानं हात जोडले. "साफ केलं न साहेब. दुखणाईत वेल ठेवत नाही आम्ही पाण्यात."

"किसने कहा था साफ करने को?"

मुखियाला तो प्रश्नच समजला नाही. तो म्हणाला, "सांगाले कायले लागते?"

ठेकेदाराचा माणूस हसला. "साहब, अब ये सफाई की मजदूरी भी माँगेंगे."

मग बांधामागचे खड्डे उकरले. सडलेल्या वेलाचा असा भपका आला की साहेबांनी रुमाल नाकाला लावला. तेल होतं त्यात, आम्हाला वास येत होता. पण ठेकेदाराचा माणूस म्हणाला, "सड़ा तो कीड़े से भी सड़ता है," आणि चिखलात कालवलेल्या त्या गोळ्यात तेल कुठलं नि माती कुठली, हे दाखवायचं कसं? साहेबांनी हातातला कागद घडी करून पुन्हा उघडला. मला वाटतं, त्यांनाही काही लिहायचं होतं. लिहायला काही दिसत नव्हतं.

तेवढ्यात पटवाऱ्यानं बोट केलं. "वो कोने में क्या है?"

माझा हिस्सा. मी बायकांच्या मागे सरकले. मला वाटलं, आता सगळ्यांसमोर विचारणार, ही कोण आळशी? साहेब काठाकाठानं तिथवर गेले. काळी पानं, काळं पाणी, मध्ये बांबू. त्यांचा चेहरा मोकळा झाला.

"यह किसका है?"

मग मोठीमायनंच मला दंडाला धरून पुढे केलं. "इचं आहे. माणूस जंगलात गेला इचा."

साहेबांनी माझं नाव विचारलं, माझ्या माणसाचं नाव विचारलं, आणि लिहू लागले. मी आजवर साहेब माणसाशी बोलले नव्हते. तरी म्हणाले, "साहब, सबका ऐसाच था. मेरे पास डोंगा नहीं, इसलिए मेरा रह गया."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. "बाई, मैं मानता हूँ. पर मेरे मानने से कुछ नहीं होता. जो खड़ा है, वही लिख सकता हूँ."

सही करता येते का विचारलं. मी सही केली. चौथीपर्यंतच्या शाळेचा तेवढाच उपयोग झाला.

त्या दिवसानंतर मला कोणी वाकडं बोललं नाही. तसं बोलले असते तर बरं झालं असतं. फक्त बाजाराला जाताना बायका माझ्या दारावरून आपापसात बोलत निघून जायच्या, आधी हाक मारायच्या ती मारेनात. त्यांच्याकडे विकायला तरी काय होतं? कोणी मोळ्या विकायच्या, कोणी धान कापणीला जायच्या. मी मागून एकटी जायचे. तो थंडीचा काळ मला फार लांब गेला. कधीकधी मी घरात मुद्दाम मोठ्यानं बोलायचे, भांड्यांशी, चुलीशी, आपला आवाज आहे की नाही ते पाहायला.

पैसे माघात आले. बालाघाटला तहसिलीत जाऊन घ्यायचे होते. मी एकटीच मोटारीनं गेले. चपराशानं बसायला बाकडं दाखवलं, एका बाबूनं सही कुठे करायची तिथे बोट ठेवलं, मी त्यांचे इतके आभार मानले की ते वैतागले. पदर पोटाशी घट्ट धरून बाहेर आले, तर मोटारीला वेळ होता. पाय वैनगंगेकडे वळले. तिथे काठावर एक म्हातारा डोंगे कोरायचा, हे मला नवऱ्यानं सांगितलं होतं.

एक डोंगा तयार होता. उन्हात पालथा घातलेला. मी किंमत विचारली. म्हाताऱ्यानं सांगितली. माझ्या पदरात तेवढे होते. डोंग्यावर हात फिरवला, ऊन लाकडात मुरलं होतं.

"ले जाओगी?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"घरवाले से पूछके आती हूँ," मी म्हणाले.

घरवाला जंगलात होता, विचारणार कुठे? मोटारीत मी खिडकीशी बसून सगळ्या रस्त्याला एकच गोष्ट उलटीपालटी करत राहिले. बाकीच्यांनी तळ्याचा कायदा पाळला, म्हणून त्यांना काही नाही. माझ्याच्यानं पाळणं झालं नाही, म्हणून मला मिळालं. यात माझं काय? पण डोंगा घेतला तर माणूस घरी राहील. आणि डोंगा घेऊन त्याच तळ्यात, त्याच लोकांमध्ये फिरायचं. ज्यांनी मला 'मले' म्हणायला शिकवलं, ज्यांच्या चुलीवरचं मी पहिलं वर्षभर खाल्लं. मला त्यांची कणव आली की भीती वाटली, ते मी आजही नीट सांगू शकत नाही. दोन्ही असेल.

गावात उतरले ती सरळ मुखियाच्या अंगणात गेले. पदराची गाठ सोडून पैसे त्याच्या पुढ्यात ठेवले. "सगळ्यांचे आहेत, बाबाजी."

मुखिया मागे सरकला, जणू विंचू ठेवला. "तुह्या नावानं आले. तूच ठेव पोरी."

"तळं सगळ्यांचं होतं."

तोवर शेजारपाजार जमला होता. पैशाला हात लावायला जो तो दुसऱ्याला पुढे करत होता. शेवटी मोठीमायच म्हणाली, "काहून लाजता रे? ते देऊन राह्यली त घ्या ना! उद्या तिचा नवरा आला का मंग कुऱ्हाड घेऊन मागाले येईन." सगळे हसले. कितीतरी दिवसांनी माझ्यासमोर कोणी हसलं होतं.

मुखियानं हिश्श्याहिश्श्याप्रमाणे वाटणी केली. माझ्या वाट्याला जे आलं त्यात डोंग्याचं एक टोकही आलं नसतं. मोठीमाय निघताना माझ्या गालाला हात लावून म्हणाली, "येडी आहेस वं तू."

शिमग्याला नवरा आला. दाढी वाढलेली, अंगाला डिंकाचा वास. मी त्याला जेवायला वाढलं आणि सगळं सांगितलं, वैनगंगेवरच्या डोंग्यासकट. तो जेवायचा थांबला.

"पाहिला तू डोंगा?"

"हो."

"केवढा होता?"

मी हात पसरून दाखवला. त्यानं तेवढ्या जागेकडे पाहिलं, मग खाली पाहून भात कालवला. "बरं केलं," म्हणाला. त्याला खरंच बरं वाटलं की माझ्यासाठी म्हणाला, हे मी पुढे कितीदा विचारायचं ठरवलं. विचारलं नाही.

यंदा सिंगाडा बुडाला होता, म्हणून रंगपंचमी झाली तशी त्यानं पुन्हा कुऱ्हाडीला धार लावली. सकाळच्या बैहरच्या मोटारीत त्याला बसवून मी परत आले, तर तळ्याकडे निघालेल्या बायका माझ्या दाराशी थांबलेल्या. मोठीमाय पुढे होती.

"चाल ना वं बहू, तुह्यासाठीच थांबून राह्यलो."

किती महिने मी त्या हाकेसाठी झुरले होते. ती आली तेव्हा मला तिचं काय करावं कळेना. "येते, तुम्ही व्हा पुढं," म्हटलं आणि आत जाऊन दार लोटून घेतलं. त्या बाहेर थांबल्याच होत्या, त्यांचं बोलणं ऐकू येत होतं. मी तोंडावर पाणी मारलं, पदरानं पुसलं, आणि पुन्हा मारलं.