जोगळेकर सर आणि लोकांचे ओटे

जोगळेकर सरांचे किस्से आम्ही कधी मुद्दाम जमवले नाहीत. शारजात खिडक्या बंद ठेवल्या तरी घरात वाळू साठते ना, तसे ते साठत गेले. सर जिऑलॉजिस्ट, रास अल खैमाच्या एका खाणीचे सल्लागार. राहायचे शारजातल्या रोल्ला भागात, आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये.

*

आमच्या ग्रुपमधल्या सचिनने दुबईत जुमेरा लेक टॉवर्समध्ये फ्लॅट घेतला. पूजेला आम्ही सगळे जमलो. सर नमस्कार करून थेट स्वयंपाकघरात! खिशातलं भिंग काढून ओट्यावर ओणवे झाले. सचिनच्या बायकोला वाटलं, झुरळ दिसलं.

"अहो, या पट्ट्या कशा वळल्यात बघा! दोन खंड आदळले, मधला खडक खोल दाबला गेला, तापला, पण पुरता वितळला नाही. नुसत्या घड्या पडल्या. ग्रॅनाइट म्हणून विकतात, पण हा रूपांतरित खडक आहे!"

सचिन घाबरून म्हणाला, "सर, म्हणजे डुप्लिकेट आहे का?"

तेव्हापासून कुणाकडेही गेलं की सरांचा पहिला मुक्काम ओट्यापाशी. त्यांच्या मिसेस मेधावहिनी म्हणायच्या, "जगाचे ओटे तपासतात. घरी मात्र पाण्याची बाटलीसुद्धा मीच बाहेर आणून द्यायची!"

*

एकदा सरांनी माझ्या लेकीला, इराला, सतरंजी दोन्ही टोकांनी ढकलून दाखवली. मधे घड्या पडल्या. "असे खंड आदळतात आणि असे डोंगर होतात!"

इरा म्हणाली, "ओके अंकल, बट हू वॉज ड्रायव्हिंग?"

सर हसले नाहीत. गंभीरपणे म्हणाले, "यावर अजून वाद चालू आहेत!"

*

रास अल खैमाच्या डोंगरात सरांना दुमडलेला चुनखडक दिसला की गाडी थांबलीच. एकदा पोलीस आला. "गाडी खराब है?"

सरांनी त्यालाच शिकवायला घेतलं. आपली जमीन इराणकडच्या जमिनीवर आदळतेय, म्हणून या घड्या, आणि ही टक्कर अजून चालू है! पोलिसाने मन लावून ऐकलं. मग विचारलं, "खतम कब होगी?"

"इन्शाल्ला, और कुछ लाख साल!"

"फिर तो बहुत टाइम है. गाडी हटाओ, यल्ला!"

*

मसाफीच्या पुढे एक वाडी आहे, म्हणजे कोरडी नदी. तिथे समुद्राचा तापलेला तळ सरकत जमिनीच्या काठावर चढला आणि खालचे खडक भाजून निघाले, हे सर भर उन्हात सांगत होते. वहिनी एसी लावून गाडीत. "उष्णता आणि दाब! त्यानेच साध्या खडकात गार्नेटचे लाल खडे तयार होतात!"

गाडीची काच खाली आली. "तेवढ्याने होत असतं, तर सासूबाईंच्या हाताखाली माझा अख्खा हार झाला असता!"

त्याच दिवशी सरांनी सांगितलं, इथे आल्यावर पहिल्याच वर्षी त्यांना या वाडीत एक दगड मिळाला होता. मुठीएवढा, काळा, लाल गार्नेटनी भरलेला. घर बदलताना हरवला. "तसा पुन्हा मिळाला नाही," म्हणाले. मला फार वाईट वाटलं.

*

सरांचा व्हिसा संपत आला, आता कायमचं भारतात परतायचं होतं. बाल्कनी दगडांनी भरलेली, आणि कार्गोला वजनाची मर्यादा. वहिनींनी निकाल दिला, "एकच दगड न्यायचा. कुठला ते तुम्ही ठरवा." सर एकेक दगड उचलत, पुन्हा ठेवत. "तो पहिला असता तर विचारच करावा लागला नसता," मला म्हणाले.

आत मी वहिनींना भांडी बांधायला मदत करत होते. गॅसमागून त्यांनी एक तेलकट दगड काढला. "हा आधी भर. याच्याशिवाय माझा लसूण ठेचला जात नाही." साबण लावून नळाखाली धरला, तर आत लाल लाल दाणे.

"वहिनी, हा कुठून आणलात?"

"कुणास ठाऊक गं. घर बदललं तेव्हा भांड्यांच्या खोक्यात निघाला."

मी ओरडले, "सर, जरा आत या!"

"आत? स्वयंपाकघरात?"

आले. दगड हातात घेतला, भिंग लावलं, खिडकीपाशी नेऊन उलटसुलट फिरवला. बराच वेळ.

"अहो, द्या तो इकडे," वहिनी म्हणाल्या. "आणि तुमचा ठरला का? एकच हं!"

सरांनी भिंग खिशात ठेवलं. दगड वहिनींच्या हातात दिला.

"माझा राहू दे," म्हणाले. "तुझा घे."