फ्लेक्स फाडणाऱ्या मॅडम

आमच्या मॅडम रागावल्या की हाताला लागेल ते भिंतीवर जायचं. पिपेट, चहाचा कप, एकदा तर माझा अख्खा शोधनिबंध. नवीन पनवेलमधल्या आमच्या प्रयोगशाळेची ती भिंत पाहून नवा माणूस आत यायला कचरायचा. माझा मात्र त्यांच्यावर जीव होता, हे आधीच सांगून टाकते.

त्यांचं आयुष्य डोळ्याच्या पडद्यात गेलं. माशाच्या पडद्याला इजा झाली की आतल्या आधार देणाऱ्या पेशींना निरोप जातो, त्या विभागतात आणि मेलेल्या पेशींच्या जागी नव्या उभ्या करतात. उंदरांत आणि माणसांत त्याच पेशींना ‘थांबा’ असा निरोप मिळतो आणि उरतो नुसता व्रण. तो निरोप अडवायचा, एवढाच मॅडमचा ध्यास. त्यासाठी आधी उंदरांचे डोळे निकामी करावे लागत. “आपण खाटीक आहोत, हे विसरलीस तर इथून चालती हो,” असं त्या मला बजावायच्या. बऱ्याच खटपटीनंतर काही आंधळ्या उंदरांच्या डोळ्यांत नव्या पेशी आल्या. दिवा लावला की ते अंधाऱ्या कोपऱ्याकडे पळू लागले.

संस्थेच्या अध्यक्षांना चेव चढला. गेटवर भलामोठा फ्लेक्स लागला: ‘अंधांना दृष्टी देणाऱ्या मॅडमचे हार्दिक अभिनंदन!’ फोटो अर्थातच अध्यक्षांचा मोठा.

लवकरच उरणकडचा एक कोळी बायकोचा हात धरून आला. न्हावा शेवा बंदरात काम करताना क्रेनचा तुटलेला वायररोप तोंडावर बसून त्याचे दोन्ही डोळे गेले होते. मॅडमनी आडपडदा न ठेवता सांगितलं, “हे उंदरांपुरतं आहे. तुमच्या डोळ्यांसाठी माझ्याकडे काही नाही.”

“बोर्डावर लिवलंय, मंग नाय कसा बोलता?” तो ओरडला आणि त्याने काठी फिरवली. माशांची टाकी फुटली, मासे फरशीवर तडफडू लागले. दुसरा फटका मॅडमच्या कपाळावर बसला. मी पोलिसांना फोन लावत होते, तो त्यांनी हिसकावून घेतला. रक्त पुसायलाही न थांबता कटर उचलला, तडक गेटवर गेल्या आणि भर रस्त्यात फ्लेक्स टराटरा फाडला. सुरुवात अध्यक्षांच्या नाकापासून केली.

माफी मागा, नाहीतर प्रयोगशाळा बंद, असा अध्यक्षांचा हुकूम आला.

“खोटं तुम्ही लिहिलंत, मार मी खाल्ला आणि माफीही मीच मागू?” मॅडम गरजल्या.

प्रयोगशाळा बंद झाली. ते उंदीर दुसरीकडे कुणी घेईना, तेव्हा त्यांना मारणं भाग होतं. मॅडमनी मला हात लावू दिला नाही. एकेक उंदीर स्वतः मारला. मी दाराबाहेर रडत उभी होते आणि अध्यक्षांना मनातल्या मनात नाही नाही त्या शिव्या घालत होते.

त्याच दुपारी तो कोळी पुन्हा आला. बायकोच्या पिशवीत मॅडमसाठी पापलेट होती.

“चुकी झाली, मॅडम. रागान हात उचलला,” तो म्हणाला. मग जरा घुटमळून त्याने विचारलं, “पन तुमच्या त्या उंदरांना खरंच उजेड कलतो?”

मॅडमनी अजून हातही धुतले नव्हते.

“सकाळपर्यंत कळत होता,” त्या म्हणाल्या.